धारेच्या वेळची सभा

वाडीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा गोठ्यात एक बाई म्हैस धूत होती. मी दारातल्या चिखलातनं बूट सांभाळत उभा राहिलो, काखेतली फाईल सावरली आणि माझ्या सरकारी वाटणाऱ्या आवाजात विचारलं, "घरात कोण आहे का?"

बाईनं मान वळवली. मला बघितलं, फाईल बघितली, बूट जरा जास्त वेळ बघितले.

"न्हाय," म्हणाली.

"कधी येतील?"

"कोण?"

"घरातलं कोणीही."

"बसा की मग," म्हणाली आणि पुन्हा म्हशीकडं वळली.

मी पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर बसलो. चांगला पाऊण तास बसलो. तेवढ्यात तिनं म्हैस धुतली, शेण काढलं, वैरण टाकली आणि झाडताना दोनदा माझ्या बुटांवरनं खराटा फिरवला. एक तरुण सून घागर घेऊन माझ्यासमोरनं गेली आणि भरून आली. शेवटी घड्याळ बघत मी म्हटलं, "बाई, मला अजून तीन वाड्या करायच्यात. खरंच कोणी नाही का घरात?"

"सायेब," ती म्हणाली, "मगाधरनं मी हाय, सून हाय, चार म्हसरं हायती. एवढ्या गर्दीत तुमास्नी कोण दिसंना, तर मी आता आणू कुठनं?"

मी दूध संघाचा सुपरवायझर. गावोगावच्या दूध संस्थांची तपासणी करणं, दप्तर बघणं, सभा लावून देणं हे माझं काम. म्हणजे हा प्रश्न मी नोकरीत किती दारांत विचारला असेल त्याला गणती नाही, आणि आजवर प्रत्येक बाईनं पदर सावरून "भाईर गेल्यात, येतील आता" असंच उत्तर दिलं होतं. प्रश्नात काही चूक असू शकते हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी, राधानगरीच्या डोंगरात, पोत्यावर बसून कळलं. कळलं म्हणजे काय, राग आला. कळायला पुढं बराच वेळ लागला.

निघताना तिनं विचारलं, "बायकूचं नाव काय तुमच्या?"

मला वाटलं, आता माहेर-बिहेर काढून ओळख लावणार. मी खुशीत सांगितलं, "वंदना."

"बरं. या मग, वंदनाचा नवरा."

त्यानंतरची चार वर्षं त्या डोंगरात मला दुसरं नाव उरलं नाही. टेंपोचा ड्रायव्हरसुद्धा तोंड फिरवून हसत म्हणायचा, "वंदनाचा नवरा, बसा म्होरं." सगळी वाडी तिला आत्ती म्हणायची, म्हणून मीही आत्ती म्हणू लागलो. पण आत्ती कुठल्याच बाप्याला त्याच्या नावानं हाक मारायची नाही. वाडीत बायकांना कोण नावानं ओळखत नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई असंच होतं. तिनं ते सगळं आपल्यापुरतं उलटं करून टाकलं होतं. संस्थेचे चेअरमन म्हणजे मिशांना पीळ, पांढरी टोपी, बोलण्याआधी घसा खाकरणार. हिच्या लेखी ते "सोनाबाईचा नवरा". तोंडावर.

मी एकदा काकुळतीला येऊन म्हटलं, "आत्ती, निदान चेअरमनना तरी चेअरमन म्हणा की. माझी नोकरी आहे हो."

"का बरं? सोनाबाईला सगळा गाव चेअरमनची बायकू म्हंतोय, ती कुठं रुसून बसली?"

मी फाईल काखेत मारली आणि घाटीची वाट धरली.

साठीची बाई. काटकुळी, रापलेली, दोन्ही गुडघे दुखरे. चालताना पावलागणिक "हं, हं" म्हणायची, भांडताना मात्र गुडघे गप्प असायचे. म्हशींशी अहो-जाहोनं बोलायची. "चंद्राबाई, सरका की जरा." "चंद्राबाई, दमानं घ्या." बाप्यांना मात्र सरळ "ऊठ रं". वाडीतनं खाली जायच्या वाटेवर देवळाचा कट्टा आहे. सकाळी कोवळ्या उन्हात तिथं दहा-बाराजण गुडघ्यांना मिठी मारून बसलेले असायचे. ही नेमकी तिथं येऊन डोक्यावरची दुधाची किटली खाली ठेवायची, चुंबळ झटकायची, पुन्हा डोक्यावर बसवायची आणि म्हणायची, "उचलू लाग रं कोणतरी." बरं, घरनं ती कुणाच्या मदतीशिवाय किटली डोक्यावर घेऊन निघालेली असायची! मागनं येणारी दुसरी बाईही तिथंच किटली टेकवायची, मग तिसरी. कट्ट्यावरच्या मंडळींना बसायला मिळेना. उन्हाळ्यापर्यंत त्यांनी बसायची जागा बदलून देवळाच्या मागं नेली, जिथं ऊनही नव्हतं. आत्ती आठ दिवसांत मागच्या वाटेनं जाऊ लागली.

आणि फोन. तिचा नंबर मी मोबाईलमध्ये 'ताप' या नावानं ठेवला होता. मी कोल्हापुरात शाहूपुरीत मोटारसायकल दुरुस्तीला टाकून चहा पीत असायचो, की ताप यायचा. "वंदनाचा नवरा, काट्याचं काय झालं?" एकदा फोन बायकोनंच उचलला. "अहो, हा ताप कोण?" असं विचारता विचारता त्या दोघींची ओळख झाली आणि मग त्या एकमेकींशीच बोलू लागल्या. पुढं पुढं तर आत्ती मला म्हणायची, "तुमास्नी सांगून उपेग न्हाई, वंदनाकडं द्या." मी फोन देऊन भाजीची पिशवी धरून उभा.

आता काट्याचं सांगतो, कारण सगळी भानगड त्यानंच केली.

वाडी वर पठारावर, संस्था खाली रस्त्याकडेच्या गावात. मध्ये घाटी. उतरायला पाऊण तास, चढायला त्याहून जास्त. सभासद बहुतेक सगळे वरचे, म्हसरंही वरचीच. पण चेअरमन, सेक्रेटरी आणि दूध मोजायचा काटा हे तिघंही खाली. म्हणून दूध सकाळ-संध्याकाळ डोक्यावरनं खाली यायचं आणि येताना पेंड डोक्यावरनं वर जायची. पावसाळ्यात अंगावर प्लॅस्टिकची खोळ, पायाला जळवा, आणि वाटेत कधी गवा उभा असला तर तो हलेपर्यंत किटली डोक्यावर तशीच. हे सगळं बायकांनी करायचं. संस्थेच्या कार्डावर नाव मात्र नवऱ्याचं. म्हणजे म्हशीला चारा घालणार ती, धार काढणार ती, वाहून नेणार ती, आणि सभासद तो. माझ्या रजिस्टरमध्ये त्या वाडीतली एकही बाई नव्हती. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. रजिस्टर अगदी स्वच्छ होतं.

आत्तीचा नवरा आणि मुलगा दोघंही इचलकरंजीला यंत्रमागावर. घरात ती आणि सून सारिका. सारिकाला तिसरा महिना लागला त्या दिवसापासून आत्तीनं तिला घाटी बंद केली. मग दोघींचं दूध ही एकटी आणायची. एक किटली डोक्यावर, एक कमरेवर, आणि हे गुडघे. कट्ट्यावरनं टोमणे यायचे, "काय आत्ती, सुनंची हमाली काय?"

"व्हय," ही म्हणायची. "माझ्या सासूनं माझी केली न्हाई, म्हणून म्हाईत हाय मला."

एकदा मी तिच्या मागोमाग घाटी उतरत होतो. मोकळ्या हातानं उतरतानाही दोनदा बसलो होतो. एका वळणावर तिनं पायानंच एक धोंडा दाखवला. "हितं पडलोतो मी. थोरल्याच्या आधी येक हुतं." आमच्याकडच्या बायका 'पडलो, गेलो, आलो' असंच म्हणतात. ती सरळ पुढं गेली. ती काय म्हणाली ते माझ्या डोक्यात पुढच्या वळणावर उतरलं, तोवर ती निम्मी घाटी उतरली होती आणि मला हाक मारून सांगत होती की बूट काढून चाला.

तिची मागणी एकच होती: काटा वर आणा. सारिकाला नववा लागायच्या आत. "माझं गुडघं कवा बी बसतील. मी बसलो की ती उतरणार. तिला कोण थांबवणार? तिचा नवरा? त्यो तिकडं माग हाणाय लागलाय."

मी सांगितलं, टेंपो वर चढणार नाही.

"वरातीचा टेंपो चढतोय. मतं मागाय जीप चढतीया. गेल्या साली रस्ता केल्याचा बोर्ड लावलाय, त्यो बघाय आमदाराची गाडी चढली. दुधाचा टेंपोच तेवढा नाजूक?"

मी सांगितलं, तसा ठराव लागतो. वार्षिक सभेत सभासदांनी मंजूर करावा लागतो.

"मग सभासदास्नी सांगा."

मी सभासदांना सांगितलं. सभासद म्हणाले, "खाली काय वाईट चाललंय?" खरंच, त्यांचं काय वाईट चाललं होतं? ते घाटी फक्त वर्षातनं एकदा, सभेला उतरायचे, तेही संघाच्या जीपमधनं. तिथं चहा, चिवडा आणि स्टीलचा डबा मिळायचा.

मग आत्तीनं मला पोटनियम वाचून दाखवायला लावले. तीन वेळा. घाटीच्या पायथ्याशी, दगडावर बसून. सभासदाऐवजी बायकोला मत देता येतं का? नाही. बायकोला सभासद करून घ्यायचं? त्यालाही समितीची मंजुरी, अर्ज, वर्षभराची मुदत. बायकोला सभेत बोलता येतं का? नाही.

"बसाय येतंय का?"

मी नियम पुन्हा वाचला. बसण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

"सभा कवा असतीया?"

"संध्याकाळी साडेपाचला."

"आन् धार कवा असतीया?"

मी पोटनियम मिटून फाईलमध्ये ठेवले. सभेची नोटीस दरवर्षी मीच काढायचो. म्हणजे मागच्या वर्षीची नोटीस घ्यायची, तारीख बदलायची, झालं. साडेपाच हे माझ्याआधीच्या सुपरवायझरनं ठरवलं होतं, त्यानं बहुतेक त्याच्या आधीच्याचं बघून. दुधाच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला धार कधी काढतात हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते आणि हे कधी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

मी चिडलो. स्वतःवर चिडायला हवं होतं, पण ती समोर होती. "बरं, मग सांगा तुम्हीच, कुठली वेळ ठेवू? तुम्ही म्हणाल ती ठेवतो!"

आत्ती बोटांवर मोजू लागली. पहाटे उठून शेणघाण, धार, मग घाटी. येईपर्यंत नऊ. मग भाकऱ्या. मग रान, नाचणीची भांगलण. दुपारी वैरणीचा भारा, जळण. मग पाणी. मग म्हसरं धुणं, धार, पुन्हा घाटी. मग चूल. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली. मी वाट बघत होतो की कुठंतरी एक बोट मोकळं राहील.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ऱ्हाऊ द्या तुमची सभा हाय तितंच. धार दुसऱ्यानं काढायची."

मी हसलो. आता हे लिहिताना कबूल करतो, मोठ्यांदा हसलो.

सभेच्या दिवशी सभासदांना आणायला मी जीप घेऊन वर निघालो. भादव्याची उघडीप होती. घाटीतनं बायका रांगेनं उतरत होत्या. ठेवणीतली लुगडी, पातळं, अंबाड्यात कुणाच्या अबोली. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना. जीप वर पोचल्यावर लक्षात आलं. त्यांच्या डोक्यावर काही नव्हतं. मी त्यांना मोकळे हात हलवत चालताना कधी बघितलंच नव्हतं.

वाडीत बापे दारादारांत बादल्या घेऊन उभे. "साहेब, दमा जरा. धार काढून आलोच," एकजण म्हणाला. सकाळी बायकांनी सांगितलं होतं, आज धार तुमी काढा, आमी सभंला जाणार. यांनी हसून सोडून दिलं होतं. माझ्यासारखंच.

अर्धा तास झाला. कोणी येईना. मात्र घराघरातनं आवाज येऊ लागले. बादली आपटल्याचा, शिव्यांचा, मग म्हशीच्या रेकण्याचा. म्हैस हात ओळखते. जिनं रोज अंजारलं-गोंजारलं, तिच्या हाताला ती पान्हा सोडते. परका हात लागला की दूध वर ओढून घेते आणि लाथ खाली सोडते. ही गोष्ट वाडीतल्या पोराटोरांना ठाऊक होती, पण ती आपल्याला लागू पडेल असं कुठल्याही कर्त्या पुरुषाला वाटलं नव्हतं. जन्म गोठ्याशेजारी काढला होता, पण आपल्याच म्हशीला आपण परके!

आत्तीचे मालक सभेसाठी म्हणून इचलकरंजीहून आले होते. उंच, हडकुळे, फार सौम्य गृहस्थ. मनगट चोळत बाहेर आले. "सायेब, तुमी दुधातलं. जरा बघतासा?"

मी दुधातला! मला फॅट विचारा, दुधाची डिग्री विचारा, पाणी किती घातलंय ते वासानं सांगतो. पण सड कसा धरतात? वीस वर्षं दूध मोजलं होतं, काढलं एक थेंबही नव्हतं. पण पाच-सहा बापे दारात येऊन उभे राहिले होते, आणि माझ्या खिशाला संघाचा बिल्ला होता. उकिडवा बसलो. चंद्राबाईनं मान वळवून माझा वास घेतला आणि बादली पार दारापर्यंत पाठवली.

"ती माणूस बघत न्हाई," मालक हळूच म्हणाले, "वास बघती." आणि खुंटीवरनं आत्तीचं जुनं, शेणात मळलेलं लुगडं आणून माझ्या डोक्यावरनं टाकलं. पदर हनुवटीखाली खोचला. "आता बोला तिच्यासंगं."

"काय बोलू?"

"ही बोलती तसं."

मग मी, संघाचा सुपरवायझर, दोन मुलांचा बाप, लुगड्याच्या पदरातनं म्हणालो, "चंद्राबाई, दमानं घ्या." दारातली मंडळी हसायच्या मनःस्थितीत नव्हती, त्यांतले दोघं लुगडी शोधायला घरी पळाले. चंद्राबाईनं बराच विचार केला. मग दोन-चार चिळकांड्या दिल्या, निम्म्या बादलीत, निम्म्या माझ्या पँटवर. मला झालेला आनंद सांगून कळायचा नाही. मग तिला काय शंका आली कोण जाणे, तिनं पाय उचलला.

साडेसहाला जीप खाली निघाली. आत दाटीवाटीनं बसलेले सभासद, कुणाच्या कपाळावर टेंगूळ, कुणाच्या खांद्यावर बायकोचं पातळ. वर वाडीत म्हशींचा नुसता आकांत. धार राहिली की कास तटतटते, सड सुजतात, सकाळी म्हैस हात लावू देत नाही. सगळ्यांना एकच घाई होती, बायकांना गाडीत घालून वर न्यायचं.

संस्थेच्या हॉलमध्ये सतरंजीभर बायका बसल्या होत्या. गप्प. समोर टेबलाशी चेअरमन आणि सेक्रेटरी, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर अशी कळा, की पाहुण्यांच्या घरी चुकून चपला घालून आत आलोय. सभासदच नव्हते, तर सभा सुरू कुणाची करणार? मी दारात शिरलो आणि पहिल्यांदा बायका हसल्या. सगळ्या. मला वाटलं, बरं वातावरण आहे. चेअरमननी खाकरून माझ्या डोक्याकडं बोट केलं, तेव्हा मला कळलं की आत्तीचं लुगडं अजून माझ्या डोक्यावर आहे.

"चला गं घरला," मागनं एक सभासद म्हणाला. "म्हसरं मराय लागल्यात."

कोणी हललं नाही.

"आत्ती, हे बरं न्हवं," चेअरमन म्हणाले. "सभंत बायकांस्नी बोलायचा हक्क न्हाई."

"मी कुठं बोलतोय?" आत्ती म्हणाली. "मी बसलोय. काट्याचा विषय झाला की उठतो."

"त्यो विषय शेवटी हाय. आयत्या वेळच्या विषयांत."

"हुंद्या की दमानं. आमास्नी काय घाई न्हाई."

बाहेर अंधारून येत होतं. सभासद दारात पायांवर पाय घासत होते. चेअरमननी माझ्याकडं बघितलं, म्हणजे नियम सांगा. मी डोक्यावरचं लुगडं काढून घडी घालत होतो. म्हटलं, "अध्यक्षांच्या परवानगीनं विषय आधी घेता येतो." हे एवढं एक वाक्य त्या सगळ्या प्रकरणात मी आपणहून बोललो.

ठराव मांडायला कोणीतरी सभासद हवा. सगळे एकमेकांकडं बघू लागले. आत्ती मालकांकडं बघत नव्हती. जमिनीकडं बघत होती. ते मनगट चोळत पुढं आले. मग म्हणाले, "मांडतो मी. आमच्या घरची साठीची बाई दोन किटल्या घिऊन घाटी उतरती. मला तिची म्हस एक दिवस आवरली न्हाई. काटा वर न्या."

हात भराभरा वर गेले. किती काट्याच्या बाजूनं आणि किती म्हशींच्या, ते विचारू नका. रजिस्टरमध्ये 'एकमताने' लिहिलं. बायका उठल्या, पदर खोचले, आणि घाटी चढून जाण्याऐवजी जीपमध्ये बसल्या. सभासद चालत आले.

दिवाळीच्या आधी काटा वर आला, देवळाशेजारच्या खोलीत. इथं खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती, पण मध्ये मी होतो. काट्यावर बसून दूध मोजून घ्यायला माणूस लागतो. चेअरमननी आपल्या मेव्हण्याचं नाव भरून फॉर्म माझ्याकडं पाठवला. फॉर्म व्यवस्थित होता, शिक्का सरळ होता. मी सही केली.

त्या दिवशी ताप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर फोन नाही म्हटल्यावर मीच वर गेलो. आत्ती किटली घेऊन रांगेत उभी होती. सारिका शेजारी, पोट सावरत. बारावी पास पोरगी. इचलकरंजीच्या दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करून आलेली.

"काटा आला की वर," मी म्हटलं.

"आला. बाप्या बसवूनच आला." ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. "वंदनाला इचारतो, तुमचा हात सही करताना दुखत न्हाई का म्हणून."

मी तडकलो. तडकलो म्हणजे जीपमध्ये बसल्यावर. खुर्चीवर बसून कोणी दूध मोजलं तर काय बिघडलं? काटा वर आला, सुनेची घाटी सुटली, अजून किती द्यायचं एका माणसानं?

पण मेव्हणा खालच्या गावात राहायचा. दूध वर असल्यावर त्याला पहाटे घाटी चढून यायला लागायचं, संध्याकाळी पुन्हा. पोट सुटलेला गृहस्थ. पहिल्या आठवड्यात त्यानं तीनदा उशीर केला. दुसऱ्या आठवड्यात त्याला वाटेत गवा दिसला. गवा बिचारा गवत खात होता. चौदाव्या दिवशी मेव्हण्यानं चिठ्ठी पाठवली की आपल्याला कंबरेचा त्रास आहे. खालच्या गावात दुसऱ्या कोणाचीही चढायची तयारी नव्हती, आणि वरच्या बाप्यांना ते बायकी काम वाटत होतं. बायका जन्मभर उतरत-चढत होत्या त्या वाटेनं माझी सही दोन आठवड्यांत खाली पाठवून दिली.

मध्यंतरी काट्यावर आत्ती बसली. चौथी शिकलेली, पण आकडा एकदा बघितला की विसरायची नाही. सारिका बाळंत झाली, मुलगी झाली. सव्वा महिना सरल्यावर ती काट्यावर बसू लागली. शेजारी आढ्याला झोळी. मी नवीन फॉर्म भरला, या वेळी स्वतःच्या अक्षरात, आणि चेअरमनकडं घेऊन गेलो. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. "सभासद कोण, काट्यावरचा माणूस कोण, कायच कळंना झालंय," म्हणाले, आणि इतका मोठा निःश्वास टाकून सही केली की मला त्यांची दया आली.

माझी शिरोळकडं बदली झाली तेव्हा वाडीनं माझा सत्कार ठेवला. काटा वर आणल्याबद्दल. मी भाषणात "माझा यात काही वाटा नाही" असं म्हणालो, पण अशा आवाजात की लोकांना ते खरं वाटू नये. फेटा बांधला, नारळ दिला. आत्ती तिथं नव्हती. संध्याकाळच्या दुधाची वेळ होती, सारिकाची मुलगी किरकिर करत होती म्हणून ती काट्याच्या खोलीत तिला मांडीवर घेऊन बसली होती. मी खास निरोप घ्यायला गेलो. फेटा बघून ती म्हणाली, "चांगला दिसतोय. वंदनाला दावा." आणि रांगेतल्या बाईला, "ए पारू, किटली म्होरं सरक."

मी फेटा न काढता कोल्हापूरपर्यंत आलो. दारातच बायकोला सगळं रंगवून सांगू लागलो. ठराव कसा झाला, फॉर्म कसा मी स्वतः नेला, चेअरमनपुढं कसा ठेवला. तिनं नारळ हातातनं घेतला, हलवून पाणी आहे का बघितलं.

"अहो," म्हणाली, "त्या बाईनं पाच महिने दोन-दोन किटल्या वाहिल्या. तुम्ही काय वाहिलंत? एक कागद. तोही जीपमधनं. काढा तो फेटा आता, मान अवघडली असेल."